आपत्ती व्यवस्थापन शिकताना शिष्यवृत्ती आणि देणगी : अर्ज कोणत्या क्रमाने करायचे

‘डिझास्टर मॅनेजमेंट स्कॉलरशिप’ असं गूगलवर टाकून शोधायला बसलात, तर संध्याकाळपर्यंत हाती परदेशी विद्यापीठांची यादी आणि दोन-चार फसव्या संकेतस्थळांचे पत्ते लागतील. पुण्यात शिकणाऱ्या मुलांची पहिली चूक नेमकी इथेच होते. विषयाच्या नावाने शिष्यवृत्ती शोधायची, ती सापडत नाही म्हणून महिना घालवायचा आणि तोवर महाडीबीटीची (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलची) मुदत संपून जायची.

आपल्याकडे शिष्यवृत्ती विषय बघून क्वचितच मिळते. तुमचा प्रवर्ग, घरचं उत्पन्न, संस्थेचा प्रकार आणि प्रवेश कोणत्या मार्गाने झाला, या चार गोष्टींवर सरकारी पैसा ठरतो. विषयाला किंमत येते ती त्यानंतर, देणगीदाराकडे जाताना. म्हणून आधी सरकारी, मग उरलेल्या तुटीपुरता देणगीदार, असा क्रम ठेवा. उलट केलंत तर दोन्हीकडे अडकता. देणगीदार पहिला प्रश्न विचारतो, ‘सरकारी शिष्यवृत्तीला अर्ज केला का?’ आणि तिथे ‘नाही’ म्हणावं लागलं की बोलणं जवळजवळ संपतंच.

## टप्पा १ : अभ्यासक्रम कागदावर काय आहे, ते आधी शोधा

आपत्ती व्यवस्थापन हा विषय एका विद्याशाखेत मावत नाही. कुठे तो एम.ए. किंवा एम.एस्सी. म्हणून शिकवतात, कुठे एम.बी.ए.चं स्पेशलायझेशन असतं, कुठे भूगोल किंवा पर्यावरणशास्त्र विभागातला पदव्युत्तर डिप्लोमा, तर कुठे फायर अँड सेफ्टीचा कोर्स. वर्गात शिकवतात ते सारखंच वाटलं, तरी शिष्यवृत्तीच्या दृष्टीने ही वेगवेगळी प्रकरणं आहेत.

प्रवेश घेण्याआधी, आणि प्रवेश झाला असेल तर याच आठवड्यात, महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन पुढचे चार प्रश्न विचारा. प्राध्यापकांना विचारू नका, त्यांना बहुधा माहीत नसतं. शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळणाऱ्या लिपिकाला विचारा.

1. अंतिम प्रमाणपत्रावर पदवी असेल की डिप्लोमा, आणि ते देणारं विद्यापीठ कोणतं?
2. संस्था शासकीय, अनुदानित, विनाअनुदानित, अभिमत की खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ?
3. अभ्यासक्रम पूर्णवेळ नियमित आहे का?
4. महाडीबीटीवर संस्थेच्या नावाखाली हा अभ्यासक्रम नोंदवलेला आहे का?

दुसरा प्रश्न पुण्यात विशेष महत्त्वाचा, कारण इथे अभिमत आणि खासगी विद्यापीठं भरपूर आहेत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि मुलींची शुल्कमाफी या राज्याच्या दोन मोठ्या योजनांतून खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत. चकचकीत माहितीपत्रकात ‘स्कॉलरशिप उपलब्ध’ असं छापलेलं असेल, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा विद्यापीठाची स्वतःची फीसवलत असा असतो. ती पहिल्या वर्षापुरती आहे की पूर्ण अभ्यासक्रमासाठी, हे लेखी घ्या.

तिसऱ्या प्रश्नावर इग्नूचे विद्यार्थी अडकतात. इग्नूचा आपत्ती व्यवस्थापनातला पदव्युत्तर डिप्लोमा नोकरी सांभाळून करायला सोयीचा आहे, फीही कमी आहे. पण दूरशिक्षणाला बहुतेक मोठ्या शिष्यवृत्त्या लागू होत नाहीत. तो निवडा, पण शिष्यवृत्तीच्या भरवशावर निवडू नका.

इशारा : महाडीबीटीच्या ड्रॉपडाउनमध्ये तुमचा अभ्यासक्रम दिसत नसेल, तर जवळचा वाटणारा दुसरा अभ्यासक्रम निवडू नका. ‘एम.एस्सी. डिझास्टर मॅनेजमेंट’ सापडलं नाही म्हणून ‘एम.एस्सी. एन्व्हायर्नमेंटल सायन्स’ टिचकवणारे दर वर्षी असतात. छाननीत प्रवेशपत्राशी मेळ बसत नाही आणि अर्ज बाद होतो. अभ्यासक्रम पोर्टलवर चढवणं हे संस्थेचं काम आहे. तिथल्या नोडल अधिकाऱ्याला (शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्याला) लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

## टप्पा २ : कागद, आणि तेही गावाकडून

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. शिकायला पुण्यात असलात तरी उत्पन्नाचा दाखला मिळतो तो कुटुंब राहतं त्या तालुक्याच्या तहसीलदारांकडून. आई-वडील अंबाजोगाईला असतील, तर पुण्यातल्या सेतूत रांग लावून उपयोग नाही. आपले सरकार पोर्टलवरून अर्ज करता येतो, पण तलाठ्याचा अहवाल, रेशनकार्ड, सातबारा असल्या गोष्टींसाठी घरच्या कुणाला तरी हेलपाटा पडतोच. दिवाळीला घरी जाऊ तेव्हा काढू, असं ठरवलंत तर उशीर झाला म्हणून समजा.

कागदांचा गठ्ठा साधारण असा :

- आधार कार्ड, आणि त्याला जोडलेला चालू मोबाइल क्रमांक
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- डोमिसाईल
- जातीचा दाखला; व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर जात वैधता प्रमाणपत्र; ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी आणि एसईबीसी असाल तर नॉन-क्रिमीलेअर
- दहावीपासूनच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला
- प्रवेश कॅप राउंडमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) झाला असेल तर अलॉटमेंट लेटर
- चालू वर्षाची फी पावती आणि बोनाफाईड
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- वसतिगृहात किंवा भाड्याने राहत असाल तर त्याचा पुरावा

दाखल्यांत तीन खोड्या नेहमी निघतात.

पहिली मुदतीची. उत्पन्नाच्या दाखल्यावर तो कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे ते लिहिलेलं असतं. गेल्या मार्चला संपलेला दाखला चढवला, तर अर्ज परत येणारच.

दुसरी नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, बँकेत वडिलांचं नाव गाळलेलं, असं आपल्याकडे सर्रास असतं. शब्दांचा क्रम वेगळा असला तर सहसा चालून जातं, पण स्पेलिंग वेगळं असेल किंवा लग्नानंतर नाव बदललं असेल, तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. पोर्टल नाव तिथूनच उचलतं. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीतलं.

तिसरी स्कॅनची. मोबाइलवर तिरका काढलेला, कोपऱ्यात आईचा अंगठा दिसणारा फोटो लिपिक नाकारतो, आणि बरोबरच करतो. सरळ स्कॅन करा, पोर्टलवर दिलेल्या केबीच्या मर्यादेत बसवा, आणि बसवल्यावर एकदा उघडून बारकोड व सही वाचता येते का ते बघा.

तपासा : सगळ्या फायली एका फोल्डरमध्ये, नावं ओळखता येतील अशी (‘उत्पन्न_वैधता_मार्च’ वगैरे). हाच गठ्ठा पुढे देणगीदारांनाही लागणार आहे.

## टप्पा ३ : बँक खातं

अर्ज मंजूर, पैसे मात्र नाहीत, अशी तक्रार आली की दहातल्या बहुतेक वेळा कारण इथे सापडतं.

खात्याला आधार ‘दिलेलं’ असणं आणि खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट जमा होण्यासाठी, आधारशी ‘सीड’ झालेलं (जोडलेलं) असणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. सरकारी पैसा खाते क्रमांक बघून येत नाही. एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या नोंदीत तुमच्या आधारपुढे ज्या बँकेचं नाव आहे, तिथे तो जातो. आणि तिथे एका वेळी एकच बँक असते. मध्यंतरी वॉलेटवाल्या एखाद्या पेमेंट बँकेत घाईने खातं उघडलं असेल आणि संमतीच्या चौकटीत टिचकी मारली असेल, तर शिष्यवृत्ती तिकडे गेलेली असू शकते.

माय आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. तिथे बँकेचं नाव आणि ‘ॲक्टिव्ह’ दिसलं पाहिजे. नसेल तर शाखेत जाऊन डीबीटी सीडिंगचा फॉर्म भरा.

शाळेत असताना उघडलेलं खातंही तपासून घ्या. ‘स्मॉल अकाउंट’ प्रकारच्या खात्यात वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक ५० हजारांच्या वर राहू शकत नाही. फीची रक्कम मोठी असली की पैसे परत जातात. पूर्ण केवायसी करून ते साध्या बचत खात्यात बदलून घ्या.

## टप्पा ४ : सरकारी योजना कोणत्या क्रमाने बघायच्या

महाडीबीटी आणि केंद्राचं नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल, अशी दोन दारं आहेत. आधी महाडीबीटी.

फीसाठी. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी या प्रवर्गांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि शुल्क प्रतिपूर्ती आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी पूर्ण शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा २.५ लाख आहे. उत्पन्न त्यावर गेलं तर लगेच फॉर्म बंद करू नका, फ्रीशिपचा, म्हणजे फक्त फी माफ होण्याचा, पर्याय बघा. खुल्या प्रवर्गातल्या आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी शाहू महाराज योजना आहे. एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना ती मिळते, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून आत आला असाल तर ही वाट बंद.

मुलींसाठी जुलै २०२४च्या शासन निर्णयाने चित्र बदललं आहे. उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तरीही महाविद्यालय आधी पूर्ण फी मागत असेल, तर शासन निर्णयाची प्रत घेऊन जा आणि बोलणं लेखी करा.

राहण्या-जेवणासाठी. ही रक्कम मुलं विसरतात, आणि पुण्यात तर खोलीभाडं फीच्या तोंडात मारतं. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठी अनुसूचित जातीकरिता स्वाधार, जमातीकरिता स्वयंम, ओबीसी-व्हीजेएनटी-एसबीसीकरिता सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पुण्यासारख्या महानगरात या योजनांची रक्कम वर्षाला ६० हजारांपर्यंत जाते. स्थानिक रहिवाशांना ती मिळत नाही. म्हणजे हडपसरचा मुलगा शिवाजीनगरला खोली घेऊन राहिला तरी पात्र नाही. बाकीच्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना बघा.

केंद्राच्या योजना. बारावीत आपल्या बोर्डाच्या आणि शाखेच्या वरच्या २० टक्क्यांत असाल, आणि घरचं उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल, तर पदवीच्या पहिल्या वर्षी सेंट्रल सेक्टर योजनेला अर्ज करा. पदवीची पहिली तीन वर्षं १२ हजार, पदव्युत्तरला २० हजार, असा वार्षिक दर आहे. अर्ज पदवीच्या सुरुवातीलाच करावा लागतो, एम.ए.ला आल्यावर आठवण होऊन उपयोग नाही. शिवाय राज्याची शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेतलीत तर ही घेता येत नाही. दोन्हींची तुलना करून मोठी कोणती ते आधी ठरवा. पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाला असाल तर यूजीसीची पदव्युत्तर शिष्यवृत्ती आहे. त्यात महिन्याला १५ हजार, वर्षात दहा महिने, दोन वर्षं मिळतात आणि वयोमर्यादा ३० आहे. स्पर्धा मोठी आहे, पण अर्जाला पैसे पडत नाहीत.

माजी सैनिकांच्या आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलातल्या जवानांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे. तिथे व्यावसायिक पदवीची यादी बघा, आपला अभ्यासक्रम तिच्यात असेलच असं नाही.

पीएच.डी.वाल्यांचा रस्ता वेगळा. सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी), बार्टी (अनुसूचित जातींसाठी) आणि टीआरटीआय (आदिवासींसाठी) या राज्य सरकारच्या तिन्ही संस्थांची कार्यालयं पुण्यातच आहेत. त्यांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिराती ठरावीक महिन्यांत येतीलच असं नसतं, म्हणून संकेतस्थळ महिन्यातून एकदा उघडून बघायची सवय लावा.

## टप्पा ५ : अर्ज भरणं

स्वतः भरा. नेट कॅफेत बसलात तरी तुमचा मोबाइल, तुमचा ईमेल, तुमचा पासवर्ड. कॅफेवाला सोयीसाठी स्वतःचा ईमेल टाकतो, पुढच्या वर्षी त्याचं दुकान हललेलं असतं, आणि रिन्युअलचा ओटीपी कुणाच्या तरी तिसऱ्याच फोनवर जातो.

नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आधी वन टाइम रजिस्ट्रेशन करावं लागतं. तो क्रमांक पुढच्या सगळ्या वर्षांना लागतो. वहीत लिहून ठेवा, स्क्रीनशॉट फोनबरोबर हरवतो.

भरताना हे सांभाळा :

1. प्रवेशाची तारीख फी पावतीवरची नाही, प्रवेश निश्चितीची टाका.
2. फीच्या रकान्यात शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि इतर शुल्क वेगळं. सगळं एकत्र टाकलं की गडबड होते.
3. पहिल्या वर्षी ‘फ्रेश’, पुढे ‘रिन्युअल’. दुसऱ्या वर्षी पुन्हा फ्रेश भरू नका.
4. हॉस्टेलर की डे स्कॉलर, हे खरं लिहा. निर्वाह भत्त्याची रक्कम यावर बदलते आणि पडताळणीही होते.
5. सादर केल्यावर अर्जाचा आयडी आणि प्रिंट.

इशारा : ‘फाइल पुढे सरकवतो’ म्हणून पैसे मागणारा एजंट, ‘प्रोसेसिंग फी भरा मग शिष्यवृत्ती सोडू’ म्हणणारा फोन, ओटीपी विचारणारा ‘अधिकारी’, हे तिघेही फसवे समजा. या योजनांच्या अर्जाला फी नसते.

## टप्पा ६ : सादर केल्यानंतरचं काम

‘सबमिट’ दाबलं की संपलं असं वाटतं. अर्ज आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग संबंधित विभागाकडे जातो. पहिल्या दोन टेबलांवर तो आठवडेच्या आठवडे पडून राहू शकतो. कुणी मुद्दाम अडवत नाही, पण एका लिपिकाकडे शेकडो अर्ज असतात. कागदांच्या झेरॉक्स आणि अर्जाची प्रिंट घेऊन स्वतः जा. सौम्य बोला, पण जा.

दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती बघा. ‘सेंड बॅक’ दिसलं तर कारण वाचून तीच दुरुस्ती करा, मुदतीच्या आत परत पाठवा. परत आलेला अर्ज म्हणजे नाकारलेला अर्ज नव्हे. पण लक्ष न दिल्याने तो नाकारल्यासारखाच होतो.

## टप्पा ७ : तूट किती, ते आकड्यात मांडा

देणगीदाराकडे जाण्याआधी एक पान तयार करा. समजा, वर्षाची फी ८० हजार, राहणं-जेवण ९० हजार, क्षेत्रभेटी आणि प्रवास १५ हजार, पुस्तकं-प्रिंट ५ हजार. एकूण १ लाख ९० हजार. त्यातून मंजूर किंवा अपेक्षित शिष्यवृत्ती ४० हजार, घरून ७० हजार, ‘कमवा आणि शिका’तून २० हजार वजा करा. तूट ६० हजार. (आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही भरा.)

‘कमवा आणि शिका’ बद्दल एक गोष्ट. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि संलग्न महाविद्यालयांत ही योजना चालते, पण अनेक मुलं ती कमीपणाची समजून टाळतात. देणगीदारांना नेमकी हीच ओळ आवडते. विद्यार्थी स्वतः काही उचलतो आहे, हे त्यातून न सांगता कळतं.

ग्रामीण भागातून आला असाल, तर रोख मदतीआधी विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्थेच्या वसतिगृहासाठी प्रयत्न करा. कमी खर्चात राहण्या-जेवणाची सोय झाली की वरच्या कागदातला सगळ्यात मोठा आकडाच आक्रसतो. तिथे मुलाखत असते आणि प्रवेश उन्हाळ्यातच सुरू होतात.

तूट ६० हजार असताना २ लाख मागू नका. उलट, संकोचाने १० हजारही मागू नका. अर्धवट पैशात मधेच शिक्षण सुटलं, तर देणगी वाया गेली असंच देणाऱ्याला वाटतं.

## टप्पा ८ : देणगीदाराला पत्र

इथे तुमचा विषय कामाला येतो, आणि मुलं इथेच सगळ्यात कच्ची पडतात. पत्रात ‘मला समाजसेवेची आवड आहे’, ‘आपत्ती काळात देशाची सेवा करायची आहे’ असली वाक्यं भरलेली असतात. अशी पत्रं ट्रस्टच्या टेबलावर ढिगाने येतात. आपत्ती व्यवस्थापन म्हणजे नक्की काय, हे समोरच्या वयस्क विश्वस्ताला बहुधा माहीत नसतं. त्याला वाटतं दोरखंड आणि होड्या. तुम्ही काय शिकता आणि त्याचा पुण्याला काय उपयोग, हे चार ओळींत सांगता आलं पाहिजे.

पुण्यात उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, ते घराघरात ठाऊक आहे. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. सप्टेंबर २०१९मध्ये आंबिल ओढ्याला पूर आला. जुलै २०२४मध्ये खडकवासल्याचा विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. यातला एक प्रसंग घ्या आणि त्याच्याशी तुमचं शिक्षण जोडा. चारही कोंबू नका.

कच्चं पत्र असं असतं : ‘मी आपत्ती व्यवस्थापन शिकत असून भविष्यात समाजासाठी योगदान देऊ इच्छितो. कृपया आर्थिक मदत करावी.’

याऐवजी असं लिहिता येईल :

‘मी आपत्ती व्यवस्थापनाच्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. धरणातून विसर्ग वाढवण्याची सूचना नदीकाठच्या सोसायट्यांपर्यंत किती वेळात आणि कोणाकडून पोचते, या विषयावर मी एकतानगरी भागात प्रकल्प करणार आहे. वर्षाचा खर्च, मिळणारी शिष्यवृत्ती आणि उरलेली तूट सोबतच्या पानावर आहे. तूट ६० हजार रुपये आहे. महाडीबीटीचा अर्ज सादर केला असून त्याची प्रिंट जोडली आहे. दर सत्राअखेर गुणपत्रिका आणि प्रकल्पाचा अहवाल आपल्याला पाठवीन.’

दुसऱ्या पत्रात आवड हा शब्द नाही. तरी ती दिसते.

सोबत जोडायला हातात काही असेल तर उत्तम. ‘आपदा मित्र’ या सरकारी स्वयंसेवक योजनेचं प्रशिक्षण, प्रथमोपचाराचा कोर्स, एनएसएसचं शिबिर, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणातली किंवा महापालिकेच्या आपत्ती कक्षातली इंटर्नशिप. तळेगावजवळच्या सुदुंबऱ्याला एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) पाचवी बटालियन आहे. विभागाने तिथे भेट नेली असेल तर त्याचा अहवाल जोडा, नुसते गणवेशातल्या जवानांबरोबरचे फोटो नकोत.

कुणाकडे जायचं? आधी स्वतःच्या महाविद्यालयाचा विद्यार्थी साहाय्य निधी आणि माजी विद्यार्थी संघटना. मग ज्ञातिसंस्था, तालुक्याची मित्रमंडळं, सहकारी बँकांचे ट्रस्ट, रोटरी-लायन्सचे क्लब. मुलींनी लीला पूनावाला फाउंडेशनच्या अटी बघाव्यात, पण त्यांचे अभ्यासक्रम ठरलेले असतात, यादी आधी वाचा. ट्रस्ट अनोळखी असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे त्याची नोंदणी आहे का ते तपासा. पैसे देणाऱ्याचीही चौकशी करावी लागते, यात वावगं काही नाही.

इशारा : दोन देणगीदारांकडून एकाच तुटीसाठी पैसे घेऊन गप्प बसू नका. पुण्यातल्या ट्रस्टची माणसं एकमेकांना ओळखतात. दुसरीकडून मदत मिळाली की पहिल्याला कळवा, बहुतेक जण रक्कम कमी करून तुमच्यासोबत राहतात.

शक्य असेल तिथे देणगी थेट महाविद्यालयाच्या खात्यात, फी म्हणून भरायला सांगा. देणाऱ्याला करसवलतीची पावती हवी असेल तर ती नोंदणीकृत संस्थाच देऊ शकते, तुम्ही नाही.

## टप्पा ९ : कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी)

चाकण, हिंजवडी, भोसरीतल्या कंपन्यांना ‘सीएसआरमधून माझी फी भरा’ असे मेल पाठवण्यात वेळ घालवू नका. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, पण ती प्रकल्पातून जाते. पैसा एखाद्या संस्थेमार्फत जाणार असेल तर त्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते.

म्हणून हे काम विभागप्रमुखांना पुढे करून करा. विभागाने संस्थेमार्फत पाच-दहा विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, सोबत परिसरातल्या शाळांत किंवा वस्त्यांत सराव शिबिरं, असा प्रस्ताव द्यावा. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआरसाठी मान्य कामांच्या यादीत, शिक्षण पहिल्यापासून आहे, आणि २०१९मध्ये आपत्ती व्यवस्थापनही त्यात आलं. एकच प्रस्ताव दोन्ही शीर्षकांत बसतो, हे अजून फार विभागांनी वापरलेलं दिसत नाही. प्रस्ताव आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला पोचला पाहिजे.

## टप्पा १० : परदेशी निधी

इथे अपेक्षा मापात ठेवा. अमेरिकास्थित इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ इमर्जन्सी मॅनेजर्स या व्यावसायिकांच्या संघटनेची शिष्यवृत्ती खास याच विषयासाठी आहे आणि देणग्यांवर चालते. त्या वर्षीचे पात्रतेचे नियम पूर्ण वाचून, प्राध्यापकांचं शिफारसपत्र वेळेत मिळणार असेल तरच अर्ज करा. शिफारसपत्र मागताना तुमचा बायोडेटा आणि प्रकल्पाचा गोषवारा सरांना द्या, नाहीतर ‘प्रामाणिक व कष्टाळू’ एवढंच येतं.

परदेशात पदव्युत्तर शिक्षणाला जाणार असाल तर रोटरीच्या ग्लोबल ग्रँटबद्दल पुण्यातल्या क्लबकडे विचारा. तिथे आपत्ती व्यवस्थापन हे स्वतंत्र क्षेत्र नाही. पाणी व स्वच्छता, रोगप्रतिबंध किंवा पर्यावरण यांपैकी एकात तुमचा विषय बसवून दाखवावा लागतो. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं, त्यामुळे नुकतेच पदवीधर झालेल्यांनी तिकडे वेळ घालवू नये.

## टप्पा ११ : पैसे आल्यावर आणि पुढचं वर्ष

पैसे जमा झाले की महाडीबीटीवरची मंजूर रक्कम आणि खात्यातली रक्कम जुळवा. अनेक योजनांत फीचा भाग आणि निर्वाह भत्ता वेगवेगळ्या हप्त्यांत येतो. फीचा भाग तुमच्या खात्यात आला असेल तर तो महाविद्यालयाचा आहे, तो ठरलेल्या मुदतीत भरा. तो खर्चून बसलेल्यांची गुणपत्रिका अडते, मग रडारड.

सत्र संपलं की देणगीदाराला गुणपत्रिका आणि एक पानभर अहवाल, न मागता. एखादा विषय राहिला असेल तर तेही लिहा आणि पुढच्या परीक्षेचं काय ठरवलंय ते सांगा.

रिन्युअलसाठी उत्पन्नाचा दाखला अजून चालू आहे का, आधीच्या वर्षाची गुणपत्रिका पोर्टलवर चढली का, बँक सीडिंग अजून ॲक्टिव्ह आहे का, हे तिन्ही जूनमध्ये बघून टाका. अंतिम वर्षाला असाल तर निकालानंतरही खातं बंद करू नका. शेवटचा हप्ता बऱ्याचदा पदवी हातात पडल्यावर येतो.